पावलावरची नाडी

या अंकासाठी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एक अपेक्षाही सांगितली. "तुमच्या औषधाने मरणाच्या दारातून परत आलेले दोन-तीन पेशंट निवडा. वाचकांना आवडतं," म्हणाले. मी हो म्हटलं आणि आठवत बसले. तसं कोणी सापडेना.

माझं कामच तसलं नाही. खेडच्या बाजारपेठेत एका चिंचोळ्या घरात खाली माझा दवाखाना आणि वर मी राहते. लोक मला वैदीणबाई म्हणतात. पोटाचे, सांध्यांचे, खरजेचे असे सगळेच पेशंट येतात, पण माझं आयुष्य जास्त खर्ची पडलं ते एकाच गोष्टीवर. माणसाच्या रक्तवाहिन्या वेळेआधी कडक होऊ नयेत म्हणून. म्हणजे न घडलेल्या गोष्टी हीच माझी मिळकत. ज्याला झटका आला तो ज्या डॉक्टरने वाचवलं त्याचे पाय धरतो. ज्याला झटका आलाच नाही, त्याला काय टळलं ते कळतच नाही. तो काही दिवस काढा पितो, मग कंटाळतो आणि बाजारात भेटला की दुसऱ्या फुटपाथवरून जातो, कारण त्याने पुन्हा विडी धरलेली असते.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आंब्याच्या कलमांना पाणी घालायची रबरी नळी नवी असते तेव्हा वळेल तशी वळते. काही उन्हाळे खाल्ले की ती ताठते, आतून थर धरते, पाण्याचा जोर कमी होतो. आपल्या धमन्यांचं साधारण तसंच होतं. वय, तंबाखू, साखर, रक्तदाब, बसून राहणं, घरातला वारसा, सगळ्यांचा हात असतो. यावर आमच्या शास्त्रात अर्जुनाची साल, लसूण, गुग्गुळ, हिरडा असं बरंच आहे. अर्जुन आमच्याकडे नदीकाठी होतो. अंगाने पांढुरका, गुळगुळीत, उंच. त्याची साल खोडाच्या एकाच अंगाने काढायची, चौफेर सोलली तर झाड मरतं. ती वाळवायची, कुटायची आणि दुधात पाणी घालून पाणी आटेपर्यंत उकळायची. चव तुरट. जीभ आखडते.

ही साल साचलेला थर धुऊन काढते असं मी कधीही कोणाला सांगितलं नाही. मला ते माहीत नाही आणि ज्यांना माहीत आहे असं ते म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. हृदयाला आधार मिळतो, असं आमचे ग्रंथ म्हणतात आणि माझ्या पाहण्यातही आलं. पण त्याच्या बरोबरीने माणसाला मीठ कमी करावं लागतं, तंबाखू सोडावी लागते, चालावं लागतं, आणि चिपळूणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या घ्याव्या लागतात. इतकं सगळं ऐकल्यावर पेशंट विचारतो, "म्हणजे तुमच्या औषधात दम नाय तर."

एक गृहस्थ होते, सड्यावरच्या, म्हणजे वर कातळपठारावरच्या गावातले. मोठ्या निष्ठेने दर महिन्याला चूर्ण न्यायचे, पण रक्तदाब हलेना. मग एकदा त्यांची बायको आली आणि म्हणाली, "बाई, किती दिवस मी ह्ये तुरट दूध पिऊ? माझा घसा सुकला." नवऱ्याला चव सोसत नव्हती. घरात कोणीतरी प्यायल्याशी कारण, असा त्यांचा हिशेब. बाईंची तब्येत मात्र फार छान होती.

असे किस्से मी पूर्वी रात्री जेवताना सांगायची. आमचे हे पण वैद्य होते. ऐकता ऐकता हसायचे आणि मग त्यांचा एखादा किस्सा सांगायचे. ते गेल्यानंतर किस्से घडायचे थांबले नाहीत, पण सांगायचं कोणाला? मुलगी बंगळूरला असते. रविवारी फोन करते, पण तिच्या घरात इतके आवाज असतात की चूर्णाची गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही. संध्याकाळी दवाखान्याचं दार लोटलं की वर जायचा जिना चढताना माझ्याच चपलांचा आवाज मला मोठा वाटतो.

त्या सुमाराला दिलावरभाई आले.

जगबुडी नदीच्या पलीकडे, पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की त्यांची वाडी. तिथली घरं मोठी आहेत. रंगीत काचा, संगमरवरी ओटे, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. बहुतेकांना कुलूप. माणसं आखातात. दिलावरभाई स्वतः मालवाहू बोटींवर इंजिनाकडे कामाला होते. जग फिरून घरी येऊन बसले, त्यानंतर काही वर्षांनी बायको गेली. दोन्ही मुलगे दुबईला. दुमजली घरात हे एकटे.

पहिल्या दिवशी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, माजे पाय मना फसवतात."

"म्हणजे कसं?"

"बसलो तर काय नाय. चालाय लागलो की पोटऱ्या आवळतात. कोणी मुठीत धरल्यासारख्या. उभा राहिलो की सोडतात. परत चाललो की परत धरतात."

हाताची नाडी मी पाहिलीच. मग त्यांना टेबलावर आडवं केलं आणि पावलाची पाहिली. हे आम्हाला कॉलेजातच शिकवतात, पण करतं कोण? पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत थोडं मागे, आणि आतल्या घोट्याच्या मागे अशा दोन जागी ती लागते. डाव्या पायाची लागली. उजव्याची शोधता शोधता माझ्याच बोटांतली नाडी मला लागायला लागली. मग एकदा अगदी दुरून, भिंतीपलीकडे कोणी हलकं ठोठावावं तशी जाणवली. पाऊल थंड होतं. नडगीवरचे केस झडले होते.

मी त्यांना समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आमच्या बोटीवर नळ्यांना आतून खपली धरायची. मग आमी नळी काढून दुसरी टाकायचो. माणसाची टाकता येते काय?"

"येते. पण आधी तपासायला हवं. चिपळूणला जा."

ते गेले. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, गोळ्या लिहून दिल्या, सिगरेट बंद करायला सांगितली. आज शस्त्रक्रियेची गरज नाही, रोज चाला, असं सांगितलं. माझ्याशी फोनवर बोलले. सालीचा काढा चालेल का, किती, कशाबरोबर नको, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. असे डॉक्टर मला आयुष्यात थोडे भेटले.

चालण्याची एक रीत असते. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा चालायचं. दुखतं म्हणून बसून राहिलं तर पाय हरतो. रोज थोडं रेटत गेलं तर शरीर बाजूच्या बारीक वाहिन्यांतून वाट काढतं. औषधांइतकंच, कधी जास्तही, याने गुण येतो. हे सांगितलं तेव्हा दिलावरभाई म्हणाले, "चालू, पण जाऊ कुठं?"

"कुठंही. मशिदीपर्यंत."

"ती तर घराला लागून हाय."

"बाजारात."

"बाजार रिक्षावाला करून देतो." मग म्हणाले, "आणि बाई, वाटेत सारखा थांबलो तर लोक विचारायचे, काय झालं म्हणून. लाज वाटायची. आता विचाराय पण कोण नाय. त्याची जास्त लाज वाटते."

मी म्हटलं, "मग इथे या. एक दिवसाआड. औषध मी एकदम देणार नाही. दोन-दोन दिवसांचं देईन."

ही माझी युक्ती. औषधात तसं काही नव्हतं, महिन्याचंही देता आलं असतं.

ते येऊ लागले. घर, मग पुलाचा कठडा, मग लाकडाची वखार, मग पिठाची गिरणी, अशा थांबत थांबत. येऊन आधी पाय दाखवायचे. मग मी नाडी पाहायची. गर्दी नसली की बोलत बसायचे. गर्दी आजकाल नसतेच. कुठल्या बंदरात पाणी काळं असतं, कुठल्या देशात चहात मीठ घालतात, इंजिनाजवळ इतकी उष्णता की अंगावर कपडा ठेवता येत नाही, असलं सगळं. मी काहीतरी कुटत असायची. एकदा मी त्या सड्यावरच्या गृहस्थांचा, बायकोला काढा पाजण्याचा किस्सा सांगितला. ते इतके हसले की खोकला आला. मला फार बरं वाटलं. आमचे हे गेल्यापासून तो किस्सा मी पहिल्यांदाच कोणाला सांगितला होता.

जेवणावरून मात्र वाद. खारवलेली सुकी मासळी बंद करा म्हटलं तर दिलावरभाई म्हणाले, "मग पावसात खाऊ काय? माजी बायको जुबेदा भरून ठेवायची. तिच्यानंतर मीच भरतो." शेवटी आठवड्यातून एकदा, भिजवून, मीठ काढून, यावर तडजोड झाली. सिगरेट त्यांनी सोडली. कशी सोडली ते सांगितलं नाही, पण शर्टाचा खिसा मोकळा दिसायला लागला.

हळूहळू थांबे गळत गेले. आधी गिरणी गेली, मग वखार. थंडीच्या दिवसांत एकदा ते आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "आज पुलावर थांबलो. पण दमलो म्हणून नाय. पानी बघाय थांबलो." मी पाऊल हातात घेतलं. नाडी अजून बारीकच होती, पण शोधावी लागली नाही. पाऊल कोमट होतं.

त्या वर्षी माझ्या दवाखान्यात याहून मोठं काही घडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात जगबुडीचं पाणी चढलं आणि पूल काही दिवस बंद राहिला. पूल सुरू झाला तरी दिलावरभाई आले नाहीत. फोन केला तर उचलून "येतो, येतो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. मी त्यांची खुर्ची एकदोनदा दुसऱ्या पेशंटला दिली आणि मग ती आत ओढून ठेवली. शेवटी एका दुपारी रिक्षा करून त्यांच्या घरी गेले.

दार त्यांनीच उघडलं. चेहरा हसरा, पण उतरलेला. टेबलावर एक मोठी काचेची बरणी. मुंबईच्या पुतण्याने पाठवली होती. लिंबू, आलं, लसूण, कसलंसं व्हिनेगर आणि वर मध. ही घेतली की सगळ्या नसा आपोआप मोकळ्या होतात, असा कोणीतरी मोबाइलवर पाठवलेला मजकूर त्यांनी मला दाखवला.

"आणि गोळ्या?"

"बंद केल्या. ह्यात लिवलंय, गोळ्या घेतल्या तर ह्येचा गुण येत नाय."

"आणि चालणं?"

त्यांनी उजवा पाय मागे घेतला. मी खाली पाहिलं. उजव्या पायाला फडकं गुंडाळलं होतं. जांभ्या दगडाच्या पायरीला ठेच लागली म्हणाले. फडकं सोडलं. करंगळीशेजारचं बोट काळंनिळं पडलं होतं, आणि कडेला जखम सुकायच्या ऐवजी ओली होती. नाडी पाहिली. पुन्हा पाहिली. लागली नाही.

कडक झालेली धमनी हृदयावरच घाव घालते असं लोकांना वाटतं. ती पायावरही घालते. रक्त पोहोचत नाही, साधी ठेच भरत नाही, मग बोट जातं, कधी पाऊल, कधी पाय. आणि ते ठरायला फार वेळ लागत नाही.

"दिलावरभाई, आत्ताच्या आत्ता चिपळूणला जायचं. रिक्षा खाली उभी आहे."

"नाय बाई."

"पाय जाईल."

"जाऊ दे." मग ते खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलले. "हॉस्पिटलात गेलो की मुलांना कळणार. मुलं येणार आणि घर बंद करून मना घेऊन जाणार. मागच्या वेळी पण तेच बोलत होते. जुबेदा इथं हाय. मशिदीच्या मागं. मी तिला सोडून जाऊ कसा? म्हणून बोललो, ही बरणी पिऊन बघू. कोणाला न कळता बरा झालो तर झालो."

मी उभीच होते. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच विरला. या माणसाला बरणीवर भरवसा होता असं नाही. त्याला फक्त घरात राहायचं होतं.

"मुलांना सांगू नका," ते म्हणाले. "तुमी चिपळूणला नेता तर चला. पण त्यांना फोन करू नका."

मी म्हटलं, "आधी चला तर."

चिपळूणच्या डॉक्टरांनी तपासून लगेच पुढे पाठवायचं ठरवलं. मोठ्या शहरात बारीक नळी घालून धमनी उघडावी लागेल, उशीर झाला तर गुडघ्याखाली पाय कापावा लागेल. जबाबदारी घेणारं घरचं माणूस हवं. डॉक्टर कागद पुढे ओढून म्हणाले, "तुम्ही यांच्या कोण म्हणून लिहू?"

मी म्हटलं, "वैद्य."

"मग मुलांना कळवावं लागेल."

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दिलावरभाईंनी मला मुलांचा नंबर दिला नव्हता, पण तो त्यांच्या फोनमध्ये होता आणि फोन माझ्या पिशवीत. मला माहीत होतं की फोन केला की त्यांचा पाय राहील आणि ते इथे राहणार नाहीत. माझ्याकडे येऊन बसणारं, मी बोललेलं ऐकणारं एक माणूस मी माझ्या हाताने दुबईला पाठवणार होते. तरी विचार करायला फार वेळ नव्हता, आणि तसं त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मी फोन लावला. थोरला मुलगा इम्तियाज. त्याने एकदाही आवाज चढवला नाही. "बाई, मी निघतो," एवढंच म्हणाला.

धमनी उघडली. बोट गेलं, पाऊल वाचलं. इम्तियाज महिनाभर थांबला. बापाला अगदी जपून ठेवायचा, चमच्याने भरवायचा. त्या मुलात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी दोघं दवाखान्यात आले. गाडीने. इम्तियाज बाहेर थांबला. दिलावरभाई आत येऊन सवयीने टेबलावर आडवे झाले. मी पाऊल हातात घेतलं. नाडी चांगली ठणठणीत लागत होती. इतकी स्वच्छ मला त्यांच्या पायाची कधीच लागली नव्हती.

"तुमी फोन केलात," ते छताकडे बघत म्हणाले.

"केला."

"मी नको बोललो होतो."

"हो."

त्यांनी पाऊल माझ्या हातातून हळूच सोडवून घेतलं. मग उठून बसले, चप्पल घातली. "तुमच्या जागी मी असतो तर मी पण केला असता," म्हणाले. "पन मना वाईट वाटलं. ते वाटणारच."

दुबईहून त्यांचे फोन यायचे. बाहेर ऊन इतकं की चालायला मॉलमध्ये नेतात, म्हणायचे. "जमीन गुळगुळीत, वारा गार. कुठं पण थांबलो तरी कोण विचारत नाय. तुमची गिरणी चालू हाय काय?" मी चालू आहे म्हणायची. गिरणी तोवर बंद झाली होती. तिच्या जागी मोबाइलचं दुकान आलं होतं. पण ते सांगून काय करायचं?

मग फोन विरळ झाले. मीही स्वतःहून फार केले नाहीत. त्यांच्या घरात माणसं होती, नातवंडं होती, मला वाटायचं आपण मध्ये कशाला. एक दिवसाआड त्या वेळेला मी दाराकडे बघायची, एवढंच. ती सवय जायला वेळ लागला. पूर्ण गेली असंही नाही.

या वर्षी उन्हाळ्यात, सकाळच्या वेळी, इम्तियाजचा फोन आला. समोर एक पेशंट बसल्या होत्या, गुडघ्यासाठी येतात त्या. इम्तियाज म्हणाला, "बाई, अब्बा गेले. न्यूमोनिया झाला. चार दिवसांत."

मी काहीतरी म्हटलं.

"दफन इथंच केलं. तिकडं आणायला जमलं नाय." मग तो म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचं होतं. अब्बांनीच सांगितलं होतं, बाईंना सांग म्हणून. शेवटपर्यंत चालत होते. हॉस्पिटलात पण स्वतःच्या पायाने गेले. तिथला डॉक्टर पाय तपासून बोलला, या वयात इतकं छान रक्त जातंय."

मी बरं म्हटलं. त्याच्या घरच्यांची चौकशी केली. फोन ठेवला.

समोरच्या बाईंनी माझ्याकडे बघत विचारलं, "कोन गेलं वो?"

"माझे एक पेशंट."

"काय झालेलं त्यांना?"

"छातीत कफ भरला," मी म्हटलं. मग का कोण जाणे, पुढे बोलले, "मी ज्यासाठी औषध देत होते, त्याने नाही गेले."

त्यांना त्यात काय सांगण्यासारखं आहे ते कळलं नसावं. त्यांनी मान हलवली आणि मनगट पुढे केलं. मी नाडीवर बोटं ठेवली. ती नीट चालू होती. तरी मी बराच वेळ हात सोडला नाही.